काजरा, बचनाग आणि यकृताचं घड्याळ: मात्रा विचारतो, वेळ कोण विचारतं?

रानजाई (धागाकर्ती)

वनौषधींवर इथे वाद झाला की तो ठरल्या वाटेनेच जातो. एक बाजू म्हणते, झाडपाल्याचं औषध आहे, अपाय कसला होणार? दुसरी बाजू यकृताचे रिपोर्ट पुढे करते. मग शुद्धाशुद्धता आणि कंपन्यांची भेसळ यांवर बोलणं होतं आणि शंभर प्रतिसादांनंतर धागा थंडावतो. इतक्या चर्चेत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: औषध घेतलं किती वाजता?

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, सिंधुदुर्गात व्यवसाय करते आणि विषद्रव्यं हा माझ्या आवडीचा विषय आहे. म्हणून आमच्याकडच्या झाडापासूनच सुरुवात करते. काजरा कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. पिकला की लहान संत्र्यासारखी फळं, आत चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया. ग्रंथांत तो कुपीलू किंवा विषमुष्टी, बाजारात कुचला. बियांत स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही दोन अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली जहाल रसायनं. मज्जारज्जूत स्नायूंना आवर घालणारा जो संदेश असतो, तो स्ट्रिक्नीन अडवतं. म्हणून झटके येतात, जबडा आवळतो आणि शेवटी श्वासाचे स्नायूही आखडतात. ब्रुसीन त्याच जातीचं, पण सौम्य. शोधन केलेला (म्हणजे प्रक्रिया करून विष उतरवलेला) कुचला अग्नितुंडी वटीत असतो, विषतिंदुक वटीत असतो. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये तो वत्सनाभ (म्हणजे बचनाग), धोतरा, बिब्बा, गुंज यांच्या पंगतीत आहे. या यादीतलं द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना वेष्टनावर छापावीच लागते.

आता मूळ मुद्दा. चीनमध्ये ग्वांगचौ इथल्या बाओजियान वू यांच्या गटाने २०१९ मध्ये ब्रुसीनवर काम प्रसिद्ध केलं. तेच उंदीर, तीच मात्रा, पण देण्याची वेळ वेगवेगळी. विषबाधेची तीव्रता वेळेप्रमाणे बदलली. कारण शोधलं तेव्हा ते यकृतातल्या सीवायपी३ए११ या एंझाइमपाशी जाऊन थांबलं. ब्रुसीनचा निचरा हे एंझाइम करतं आणि त्याचं प्रमाण चोवीस तासांत चढतं-उतरतं. ज्या उंदरांत ते एंझाइम निष्प्रभ केलं होतं, त्यांच्यात वेळेचा फरक उरला नाही. म्हणजे विष तेवढंच होतं. बदलत होतं ते यकृत.

त्याच गटाने त्याच वर्षी बीमॅल१ हे घड्याळाचं जनुक निकामी केलेले उंदीर घेतले. त्यांच्यात हे एंझाइम घटलं, त्याची दैनंदिन लय सपाट झाली, आणि ॲकोनिटीन व ट्रिप्टोलाइड ही दोन विषं त्यांना जास्त बाधली. ॲकोनिटीन म्हणजे आपल्या बचनागातलं विष. ट्रिप्टोलाइड हे चीनमध्ये संधिवातावर वापरल्या जाणाऱ्या एका वेलीतलं. तिथे त्या वेलीला 'वज्रदेवाची वेल' अशा अर्थाचं नाव आहे आणि यकृत बिघडवण्याबद्दल ती कुप्रसिद्ध आहे.

माणसात या एंझाइमचा जवळचा भाऊ म्हणजे सीवायपी३ए४. बाजारात असलेल्या कितीतरी आधुनिक औषधांचा निचराही त्याच्याकडेच असतो.

घड्याळाबद्दल थोडक्यात: मेंदूत डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो उजेडावर चालतो. पण यकृत, मूत्रपिंडं, आतडी यांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळं असतात. क्लॉक आणि बीमॅल१ ही प्रथिनं मिळून 'पर' आणि 'क्राय' ही जनुकं चालू करतात. त्यांची प्रथिनं साचली की ती उलट येऊन क्लॉक-बीमॅल१ लाच थोपवतात. ती झिजून गेली की पुन्हा पहिल्यापासून. हा फेरा साधारण चोवीस तासांचा. हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. या फेऱ्याच्या हाताखाली आणखी काही प्रथिनं काम करतात. जिनिव्हात त्यांतली तीन एकदम निकामी केली (२००६), तर उंदरांची औषधं-विषं पचवण्याची ताकदच खालावली.

आणि आपल्याकडे औषधाला 'काल', म्हणजे ते घेण्याची वेळ, आहेच. शार्ङ्गधराने पाच सांगितले, सुश्रुताने दहा. अनुपान, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं, हे आपण निदान विचारतो तरी. काल मात्र 'सकाळ-संध्याकाळ एकेक' एवढ्यावर येऊन ठेपला आहे. सुश्रुताने रिकाम्या पोटी दिलेल्या औषधाला सर्वांत वीर्यवान म्हटलं, आणि लगेच सांगितलं की बाल, वृद्ध, स्त्रिया आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांना त्याने ग्लानी येते. काळ बदलला की गुणाबरोबर अपायही बदलतो, हे त्यांनी बघितलेलं होतं.

मला वाटतं, विषद्रव्य असलेलं कुठलंही औषध लिहिताना आणि त्याचा अपाय नोंदवताना घड्याळातली वेळ लिहिली गेलीच पाहिजे. डॉक्टर, वैद्य, फार्मसीवाले आणि ही औषधं घेणारे, सगळ्यांनी लिहा.

मृदगंध

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

संख्याशास्त्री

लेख आवडला, पण ब्रेक लावायला हवा. उंदीर निशाचर आहे. आपण झोपतो तेव्हा तो खातो, फिरतो. त्यामुळे उंदरांवरच्या अभ्यासातली 'सकाळ' उचलून माणसाच्या सकाळवर चिकटवता येत नाही. अशा अभ्यासांत वेळ मोजतात ती दिवा लागल्यापासून किती तास झाले अशी, आपल्या घड्याळाने नाही. बातम्यांत नेमकं हेच गळतं.

दुसरं, माणसात हा परिणाम केवढा मोठा आहे? आधुनिक औषधांतलं एक उदाहरण देतो. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेतल्या तर फायदा जास्त, असं बरीच वर्षं बोललं जात होतं. ब्रिटनमध्ये २१,१०४ जणांवर मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे येणारा मृत्यू यांत फरक सापडला नाही. तत्त्व पटण्यासारखं होतं. माणसांवर ते उतरलं नाही.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. या धाग्यातली दोन वाक्यं उचलून उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल: 'बचनाग अमुक वाजता घेतला तर बाधत नाही.' ते वाचून कुणी प्रयोग केला तर?

रानजाई

@संख्याशास्त्री, तिसरा मुद्दा सगळ्यांनी नीट वाचावा म्हणून पुन्हा लिहिते: कुठलीही वेळ विषाला निर्विष करत नाही. घातक मात्रा चोवीस तास घातकच असते. वेळेचा प्रश्न येतो तो काठावरच्या मात्रेत. आणि कुचला-बचनागाच्या बाबतीत उपचाराची मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून तो तिथे महत्त्वाचा ठरतो. रक्तदाबाच्या गोळीत ते अंतर ऐसपैस असतं, त्यामुळे तिथे फरक दिसला नाही यावरून इथेही दिसणार नाही असं मला म्हणता येणार नाही.

निशाचराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी मूळ लेखात एकही 'सुरक्षित वेळ' दिलेली नाही.

टिटवी

मी स्टाफ नर्स आहे. नाइट ड्यूटी लागली की सलग लागते. सकाळी घरी येऊन मुलांचे डबे, मग झोप, दुपारी तीनला जेवण. मला सांध्यासाठी एका वैद्यांनी गोळ्या दिल्यात, 'सकाळी उपाशीपोटी'. माझी सकाळ कुठली धरायची? सूर्य उगवतो ती, की मी उठते ती? आजवर हे कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं.

रानजाई

@टिटवी, थांबा, यावर मला सविस्तर लिहायचं आहे. त्याआधी वेष्टनावर इंग्रजी-हिंदीत देखरेखीची सूचना छापली आहे का ते बघून सांगा.

अर्क_आणि_अर्थ

औषधशास्त्रात संशोधन करतो, सध्या मुक्काम युरोपात. रानजाईंनी मांडलंय ते बरोबर आहे, पण ती एकच बाजू झाली. 'एंझाइम जास्त तेव्हा विष कमी' हा नियम धरून चाललात तर काही वनस्पतींच्या बाबतीत नेमकं उलटं होईल.

काही विषं वनस्पतीत विष म्हणून नसतातच. यकृत त्यांना विष बनवतं. आपल्या माळरानावरचा खुळखुळा घ्या. शेंग वाळली की आतल्या बिया वाजतात तो. त्याच्या कुळातल्या अनेक जातींत पायरोलिझिडिन अल्कलॉइडं असतात. सीवायपी३ए कुटुंबातली एंझाइमं त्यांच्यावर काम करतात आणि त्यातून जे तयार होतं ते यकृतातल्या बारीक शिरांची आतली अस्तरं जाळतं. १९७५ च्या सुमारास सरगुजा भागात (तेव्हाचा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) हेच घडलं. गोंदली नावाच्या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या जातीच्या बिया मिसळल्या गेल्या आणि आदिवासी कुटुंबांत पोटात पाणी होऊन माणसं दगावली. इथे एंझाइम जोरात असण्याची वेळ ही धोक्याची वेळ.

पॅरासिटामॉलही याच गटात येतं. वनौषधी नाही, पण सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण तेच आहे. त्याचा थोडा भाग यकृतात एका जहाल पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन हा यकृतातलाच संरक्षक पदार्थ त्याला निकामी करतो. उंदरांत तीच मात्रा सकाळी दिली तर यकृत बऱ्यापैकी तगतं, संध्याकाळी दिली तर जास्त खराब होतं. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की हा फरक घडवण्यात यकृतपेशींतल्या घड्याळाचा हात आहे. विष बनवणारं एंझाइम आणि ते निस्तरणारं ग्लुटाथायोन, दोघांच्या लयी वेगळ्या. त्या दोन लयींमधल्या फटीत यकृत सापडतं.

तिसरा प्रकार विसरू नका: ज्या अवयवावर विष काम करतं त्याची स्वतःची लय. बचनाग हृदयावर घाव घालतो, त्याच्या पेशींत सोडियम आत सोडणारी दारं उघडीच ठेवतो. हृदयाचे ठोके, चेतासंस्थेचा ताण, रक्तातलं पोटॅशियम हे सगळं दिवसभर बदलत असतं. म्हणजे यकृताने निचरा किती केला एवढंच बघून भागत नाही.

@संख्याशास्त्री, माणसांवर वेळेने विषाक्तता बदलल्याचा ठोस पुरावा हवा असेल तर कर्करोगाकडे बघा. फ्रान्समधल्या फ्रान्सिस लेव्ही यांच्या गटाने १९९७ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १८६ रुग्णांवरचा अभ्यास लॅन्सेटमध्ये दिला. तीच तीन औषधं एका गटाला सतत एकाच वेगाने, दुसऱ्याला दिवसाच्या लयीनुसार कमी-जास्त वेगाने. तोंड गंभीरपणे सोलवटण्याचं प्रमाण पहिल्या गटात ७६ टक्के, दुसऱ्यात १४ टक्के.

संख्याशास्त्री

@अर्क_आणि_अर्थ, हा अभ्यास मला माहीत आहे आणि तो ताकदीचा आहे. पण २००६ मध्ये त्याच धर्तीवरची मोठी चाचणी आली, तिचं काय झालं तेही लिहा. एकूण आयुर्मानात फायदा दिसला नाही. पुरुषांना थोडा लाभ झाला, स्त्रियांना उलट तोटा. म्हणजे सगळ्यांसाठी एकच वेळापत्रक चालत नाही.

अर्क_आणि_अर्थ

बरोबर, आणि मला त्यातून निघणारा अर्थ फार मोलाचा वाटतो. लय आहे, पण ती बाईची वेगळी, पुरुषाची वेगळी, लवकर निजणाऱ्याची वेगळी, रात्रपाळीवाल्याची वेगळी. आपल्याला माणसामाणसाची लय बघावी लागणार.

वैद्य_पन्हाळा

तीन पिढ्यांचा वैद्यकीचा व्यवसाय आमचा. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, शुद्ध ब्रुसीन उंदराला दिलं हे ठीक. आम्ही शुद्ध ब्रुसीन देत नाही. कुचल्याच्या बिया सात दिवस गोमूत्रात, रोज नवं गोमूत्र. मग गाईच्या दुधात दोलायंत्राने स्वेदन, म्हणजे पुरचुंडी टांगून उकळणं, साल आणि मधला अंकुर काढून टाकायचा, मग गाईच्या तुपात भाजायचं, तेव्हा कुठे चूर्ण. बचनागाचंही तसंच. हे सोडून एका रसायनावर सगळं औषध तोलू नका.

दुसरी, काल म्हणजे घड्याळातला तास नव्हे. प्राग्भक्त (जेवणाआधी), मध्यभक्त (जेवणाच्या मध्ये), अधोभक्त (जेवणानंतर), सग्रास (घासाबरोबर), ही सगळी नावं जेवणाशी जोडलेली आहेत. औषध आणि अन्न यांचा संबंध त्यात आहे. त्याला पाश्चात्त्य 'जैविक घड्याळ' चिकटवू नये.

रानजाई

@वैद्य_पन्हाळा, दादा, नमस्कार. शोधनाबद्दल पूर्ण सहमत. बचनाग उकळला की ॲकोनिटीनचं जलविघटन होऊन, म्हणजे पाण्यामुळे ते तुटून, बेंझॉइलॲकोनिन आणि पुढे ॲकोनिन होतं, आणि ही दोन्ही त्याच्यापेक्षा खूपच सौम्य असतात. शोधनामागचं रसायनशास्त्र भक्कम आहे. पण आज किती ठिकाणी सात दिवस रोज नवं गोमूत्र बदललं जातं? तुमच्याकडे होत असेल, मला शंका नाही. बाजारातल्या प्रत्येक डबीबद्दल ती खात्री मी देऊ शकत नाही. शोधन अर्धवट राहिलं की उरलेलं विष यकृताच्या भरवशावर येतं, आणि तिथे घड्याळ आडवं येतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला तुमचंच म्हणणं घड्याळाच्या बाजूचं वाटतं. यकृताचं घड्याळ मुख्यतः जेवणावरच चालतं! २००० साली जिनिव्हात उंदरांना फक्त दिवसा, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी, खायला दिलं. काही दिवसांत यकृताचं घड्याळ उलटं फिरलं. मेंदूतलं मात्र होतं तिथेच राहिलं, कारण उजेड बदलला नव्हता. जेवणाला धरून औषधाचा काल ठरवणारे लोक नकळत यकृताचीच वेळ धरत होते, असं म्हणायला जागा आहे. त्यांना जनुकं माहीत होती असं मी अजिबात म्हणत नाही.

वैद्य_पन्हाळा

हे पटण्यासारखं आहे. आजोबा पेशंटला पहिला प्रश्न विचारायचे, 'जेवण कधी करतोस?' ऊसतोडीवरच्या माणसांना ते गोळीची वेळ बदलून द्यायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, त्याचा अग्नी वेगळ्या वेळेला पेटतो.

पाऊसपाणी

आमच्या घरात घडलेलं लिहिते. सासऱ्यांना वाताच्या गोळ्या एका झाडपाल्याच्या औषधवाल्याकडून मिळाल्या होत्या. कागदाच्या पुडीत, नाव नाही, घटक नाहीत. रात्री जेवणानंतर घ्यायचे तोवर काही झालं नाही. मग त्याच माणसाने सांगितलं, 'पहाटे मधातून घ्या, लवकर गुण येईल.' पहाटे घेतली आणि तासाभरात ओठ, जीभ बधिर झाली, बोटांना मुंग्या, छातीत धडधड. ईसीजी बघून डॉक्टरांनी आधी विचारलं, बचनाग होता का? आयसीयूत ठेवलं. वाचले. गोळी तीच, मात्राही तीच.

संख्याशास्त्री

@पाऊसपाणी, सासरे वाचले हे मोठंच. पण यातून घड्याळ सिद्ध होत नाही, हे सांगणं भाग आहे. रात्री पोट भरलेलं, पहाटे रिकामं. रिकाम्या पोटी शोषण झपाट्याने होतं. शिवाय हाताने वळलेल्या गोळ्यांत एकीत कमी, एकीत जास्त विष असू शकतं. तिन्ही कारणं एकत्र आहेत आणि एका घटनेवरून ती सुटी करता येत नाहीत.

रानजाई

@संख्याशास्त्री, सुटी करता येत नाहीत हे खरं. म्हणूनच नोंदीत तिन्ही हवीत: घड्याळातली वेळ, शेवटचं जेवण, आणि कुठल्या पुडीतली गोळी. पाऊसपाणींनी वेळ लक्षात ठेवली म्हणून आपण एवढं बोलू तरी शकलो. माझ्याकडे येणारे बहुतेक केस पेपर 'बीडी' (दिवसातून दोनदा) आणि 'टीडीएस' (तीनदा) एवढंच सांगतात.

@पाऊसपाणी, ओठ-जिभेचा बधिरपणा ही बचनागाची खूण तुमच्या डॉक्टरांनी ओळखली, त्यांचे खरंच आभार मानायला हवेत. बचनागाला ठरावीक उतारा नाही. हृदयाची लय सांभाळत विष ओसरायची वाट बघावी लागते.

कोथिंबीर_वडी

एक शंका. या औषधांत बऱ्याचदा त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) असतं ना? मिरी-पिंपळीने औषध जास्त 'लागतं' असं म्हणतात. त्याचा इथे काही संबंध?

अर्क_आणि_अर्थ

@कोथिंबीर_वडी, फार नेमका प्रश्न. मिरी आणि पिंपळी दोन्हींत पायपरीन असतं. बंगळूरमध्ये १९९८ साली माणसांवर झालेल्या अभ्यासात हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर पायपरीन दिल्यावर त्याची रक्तातली उपलब्धता वीस पटींनी वाढली. आणि पायपरीन सीवायपी३ए४ ला रोखतं, म्हणजे या धाग्याचं नायक असलेल्या एंझाइमलाच. त्रिकटूबरोबर बचनाग किंवा कुचला पोटात गेला, तर यकृताच्या घड्याळात निचऱ्याची वेळ चांगली असूनही हात बांधलेले. ग्रेपफ्रूट आतड्यातलं हेच एंझाइम बंद पाडतं. आपलं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक, तेही जपूनच. काही बुरशीविरोधी गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकंही तेच करतात. म्हणून वैद्यांना ॲलोपॅथीच्या गोळ्या आणि डॉक्टरांना काढे-चूर्णं सांगणं जिवाच्या दृष्टीने गरजेचं आहे. लोक दोघांपासूनही लपवतात.

देवराई

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. वनस्पतीलाही घड्याळ असतं! खरं तर हा शोध तिथूनच सुरू झाला. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मेरां यांनी लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. अफूच्या बोंडातल्या चिकात मॉर्फिनचं प्रमाण दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतं हे १९६० च्या दशकातच दिसलं होतं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात २०१२ मध्ये दाखवलं गेलं की एक रोप अळ्यांच्या खाण्याच्या वेळेच्या आधीच आपली संरक्षक रसायनं वाढवून ठेवतं. म्हणजे पान तोडलं कधी हाही प्रश्न आलाच. ग्रंथांत औषधी कुठल्या ऋतूत कुठला भाग घ्यायचा हे दिलेलं असतं, पण ठेकेदार गाडी भरेल तेव्हा तोडतो.

भारतातल्या कामाबद्दलही लिहायला हवं. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर आणि वेळेचा मागमूस नसलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसांवर काम उभं केलं. एवढी मोठी परंपरा घरात असताना कुचल्यावर आणि बचनागावर हे प्रयोग चीनमध्ये व्हावेत याचं मला वाईट वाटतं. द्रव्य आपलं, वैद्य आपले, कालाची कल्पना आपली, जैविक घड्याळाचे अभ्यासकही आपले.

रानजाई

@देवराई, +१. अगदी मनातलं.

मनमोकळी

गुळवेलीने यकृत बिघडल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्याचंही कारण वेळच असेल का? कोविडात आमच्याकडे सगळेच पहाटे काढा प्यायचे.

अर्क_आणि_अर्थ

@मनमोकळी, तसं म्हणता येणार नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्ण नोंदवले, पुढे १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला होता, तेही सांगायला हवं. पण त्या नोंदींतलं चित्र होतं प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्यासारखं, काहींना आधीच तसला आजार दबा धरून असलेलं. असा अपाय मात्रेच्या सरळ हिशेबात बसत नाही. त्यामुळे वेळेचा संबंध शोधायचा तो आधी कुचला, बचनाग यांसारख्या, मात्रा वाढली की अपाय वाढतो अशा द्रव्यांत. सगळ्या वनौषधींना एकाच सुतळीत ओवू नका.

टिटवी

रानजाई ताई, डबी बघितली. सूचना छापलेली आहे. घटकांत 'शुद्ध वत्सनाभ' आणि 'शुद्ध कुपीलू' दोन्ही आहेत. मिरी, पिंपळीसुद्धा. मी ही गोळी नाइटवरून आल्यावर, सकाळी आठला, रात्रभर काही न खाता घेते.

रानजाई

@टिटवी, आधी हे करा: पुढची गोळी घेण्याआधी त्या वैद्यांना फोन करा. इथे वाचून स्वतःहून वेळ बदलू नका, मात्राही नको. त्यांना पुढच्या गोष्टी सांगा, कारण गोळी देताना त्यांना त्या माहीत नसणार. तुमची नाइट महिन्यात कशी लागते. झोप किती ते किती. मुख्य जेवण कधी. रात्रपाळीत चहा-बिस्किटांखेरीज काही खाता का. ॲलोपॅथीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, अगदी ॲसिडिटीची असली तरी. यकृत किंवा हृदयाचा जुना त्रास आहे का.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: सूर्याची सकाळ की तुमची, हे एका वाक्यात सुटत नाही. मेंदूतलं घड्याळ उजेडाकडे बघतं, आणि तुम्ही सकाळच्या लख्ख उन्हात घरी येता. यकृताचं घड्याळ दुपारी तीनच्या जेवणाकडे बघतं. पाळी बदलत राहिली की दोघांची चुकामूक होते. अशा माणसाला 'सकाळी उपाशीपोटी' ही सूचना द्यायचीच नसते.  माझ्याकडे तुम्ही आला असता तर पाळी चालू असेपर्यंत मी ई (१) मधलं द्रव्य दिलंच नसतं. सांध्यांसाठी विषद्रव्य नसलेले पर्याय भरपूर आहेत. हे माझं मत. निर्णय तुमच्या वैद्यांनी तुम्हाला तपासून घ्यावा.

सगळ्यांसाठी: ओठ-जीभ बधिर, मुंग्या, उलट्या, धडधड, किंवा जबडा-मान आवळणं, स्नायूंचे झटके, यातलं काहीही या गोळ्यांनंतर झालं तर घरगुती उतारे देत बसू नका. मुद्दाम ओकारी काढू नका. झटके येणाऱ्याला शक्य तितकं शांत, कमी उजेडात ठेवा आणि तडक मोठ्या रुग्णालयात न्या. डबी किंवा पुडी बरोबर घ्या आणि शेवटची गोळी किती वाजता, जेवणानंतर किती वेळाने घेतली ते सांगा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, डॉक्टर तिथे विचारू शकतात.

वैद्य_पन्हाळा

@टिटवी ताई, रानजाईंचं ऐका. मीही पाळीवाल्या माणसाला कुपीलू देत नाही.

रानजाई, आमच्या केस पेपरवर 'जेवणाची वेळ', 'झोपेची वेळ' आणि 'औषध घेतल्याची वेळ' असे तीन रकाने या आठवड्यापासून छापून घेतो. तुम्हीही घेतलेत तर वर्षाने दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवता येतील. संख्याशास्त्री, तुम्ही त्या तपासून द्याल का?

संख्याशास्त्री

आनंदाने. फक्त रुग्णाचं नाव-गाव काढून टाका, आणि अपाय न झालेल्यांच्या नोंदीही तितक्याच काळजीने ठेवा. त्या नसतील तर काहीच ताडून बघता येणार नाही. मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि डबीचा बॅच नंबर हे दोन रकाने वाढवा.

टिटवी

वैद्यांशी बोलले. त्यांनी ती गोळी बंद केली आहे, सोमवारी तपासायला बोलावलंय. आमच्या वॉर्डात आणखी दोघीजणी कुठल्याशा वाताच्या गोळ्या घेतात, तेही नाइटवरून घरी गेल्यावर. आज हँडओव्हरच्या वेळी दोघींना डब्या आणायला सांगते.